टाकीची दुसरी बाजू

चिरंजीव साहेब,

तुमची लेक कॉलेजच्या प्रोजेक्ट ट्रिपची लीडर झाली म्हणून तुम्ही परदेशातून टाळ्या वाजवल्यात. सोबतीला मी गेले. अट एकच: "आजी, तू मध्ये बोलायचं नाहीस." माझ्या लहानपणी कॉन्व्हेंटच्या सिस्टरांना जे जमलं नाही, ते नातीने करून दाखवलं.

एका शाळेच्या गच्चीवर पाण्याची टाकी बसवायची होती. 'स्वतः केलं की काम चोख होतं' ही शिकवण तुमचीच ना? तिने प्रत्येकाच्या हातातला पाना काढून घेतला. "दे इकडे, मीच करते." पोरं आधी ओशाळली, मग सावलीत जाऊन बसली. मी तोंडाला कुलूप लावून बसले.

शेवटी टाकी कट्ट्यावर चढवायची होती. तिला एकटीला ती हलेना.

"अरे, या ना कोणीतरी!"

"नको मॅडम, आमच्याने बिघडेल." सगळी खिदळली.

मग मीच उठले. गुडघे कुरकुरत असताना दुसरी बाजू धरली. टाकी तसूभरही हलली नाही. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "आजी, बाबांना सांगू नकोस हं."

तेव्हा हे पत्र टपालात पडणार नाही. रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचाराल, "काय लीडर, कशी झाली ट्रिप?" ती म्हणेल, "मस्त!" आणि शेजारी बसून मी मान डोलवीन.

तुमची,
बोलती बंद झालेली आई