खुणांच्या भाषेचा सर्वोत्तम क्लास

४ जून
कानाच्या डॉक्टरांनी आज स्पष्टच सांगितलं. तापात गेलेलं मुलीचं ऐकू येणं परत यायचं नाही. घरातल्या सगळ्यांनी खुणांची भाषा शिका, उशीर करू नका. मुलगी सात वर्षांची. घरी येईपर्यंत बायको रडत होती. मी नाही. मी ठरवलं, ऑनलाइन मिळणाऱ्यांतला सर्वोत्तम क्लास शोधायचा. एकोणीस वर्षं कारखान्यात क्वालिटी बघतोय. गेज लावल्याशिवाय साधा बोल्ट पुढे सोडलेला नाही. इथे तर प्रश्न लेकीचा. मुदत: दोन आठवडे.

१६ जून, सकाळी
अकरा क्लास सापडले. एक्सेल शीट केली. बायकोचं म्हणणं, कुठलाही घे, सोमवारपासून बसू. पाया चुकला की जन्मभर निस्तरावं लागतं, हे तिला शांतपणे समजावलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली. पटलं असावं.

२९ जून
पहिला डेमो. आवाजच नाही. वीस मिनिटं सेटिंग तपासली, लॅपटॉप दोनदा बंद-चालू केला. बाई आपल्या हसून हात हलवतायत. शेवटी त्यांनी कागदावर लिहून दाखवलं की त्या स्वतः बहिऱ्या आहेत. तोवर मी एक स्टार देऊन मोकळा झालो होतो. तो काढायचा कसा, सापडत नाहीये.

११ जुलै
भारीतले हेडफोन आणले. खुणांच्या क्लासला हेडफोन कशाला, असं बायकोने विचारलं. एकाग्रता नावाची गोष्ट असते, हे कुणी सांगावं.

३ ऑगस्ट
बायकोने मला न विचारता क्लास लावला. तोच, एक स्टारवाला! ओट्यावर मोबाइल टेकवून दोघी बसतात. माझ्या शीटमध्ये त्याला दहापैकी साडेपाच. मलाही हाक मारली होती. गेलो नाही. आधी भलतंच शिकायचं आणि मग विसरायचं, दुप्पट काम.

२१ ऑगस्ट
जेवताना दोघींचे हात चालू. मध्येच खळखळून हसल्या. काय झालं विचारलं, तर बायको म्हणाली, शाळेतली गंमत आहे, सांगेपर्यंत शिळी होते. मीही हसून घेतलं.

९ सप्टेंबर
मुलीने सगळ्यांना खुणेतली नावं ठेवली आहेत. आईचं नाव म्हणजे गालावर बोट, तीळ आहे तिथे. माझं म्हणजे तळहात उभा धरून पुढे. त्याचा अर्थ 'थांब'. सांगताना बायको जरा चाचरली. मला तर आवडलं. नावात दरारा आहे.

५ ऑक्टोबर, जेवणाच्या सुट्टीत
यादी वाढत सत्तावीसवर गेली होती, त्यातले दोनच क्लास उरले. निवड अंतिम टप्प्यात. मुलगी हल्ली तोंडाने बोलत नाही. मी वहीत प्रश्न लिहितो, ती खाली 'हो' किंवा 'नाही' लिहून जाते. अक्षर सुधारलंय.

१८ ऑक्टोबर, संध्याकाळी
बायको बाहेर गेली होती. मुलगी रडत माझ्याकडे आली. हात भराभर चालले होते. मला एकही खूण कळली नाही. "नीट सांग बाळा," असं मोठ्याने म्हणालो, तिला ऐकू येत नाही हे विसरून. वही दिली, तिने ढकलली. पुन्हा त्याच खुणा केल्या, सावकाश, लहान मुलाला समजवावं तसं. मी कळल्यासारखी मान हलवली. तिला कळलं की मला कळलेलं नाही. तिने स्वतःच डोळे पुसले, माझा हात थोपटला आणि आईची वाट बघत दारापाशी जाऊन बसली.

बायको आली. तिला अर्ध्या मिनिटात कळलं. पायातल्या चपलांसकट ती खाली बसली. मी विचारलं, काय म्हणते?

"तिला तुझा आवाज आठवेनासा झालाय. कसा होता, विचारतेय."

मग बायको हातांनी तिला सांगत राहिली. बराच वेळ. मुलगी मध्ये मध्ये वळून माझ्याकडे बघायची.

काय सांगितलं, ते मला कळलं नाही.