झाकणावरचा दगड

भेडाघाट, जिल्हा जबलपूर
कार्तिक वद्य पंचमी, सन १९२७

तीर्थरूप माय,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहितो. मी धड आहे. अक्षर वाकडं आहे, कारण डाव्या हातानं लिहून राहिलो. भट्टी फुटल्याचं तुझ्या कानावर येईलच, म्हणून आधीच सांगतो, मी भाजलो नाही.

इथं रोशा गवत तांब्याच्या हंड्यात उकळून वाफेतून तेल काढतात. आमचे भट्टीवाले बुधरामदादा झाकण नुसत्या उडदाच्या पिठानं लिंपत. वाफेची नळी तुंबली की पीठ आधी तडकतं, वाफ निघून जाते, माणसं वाचतात. नवा मुकादम म्हणाला, "अच्छा, म्हणून तेल कमी येतं काय!" त्यानं झाकणावर संगमरवराचा दगड ठेवला. दादा हात जोडून नको म्हणाले, तर त्यांच्या मुस्काटात मारली.

परवा सकाळी नळी तुंबली आणि हंडा फुटला. दादांच्या तोंडाची कातडी सोलून गळ्यावर लोंबली. ते ओरडत होते आणि मुकादम तेलाची घागर उचलून पळत होता. दुपारी दादा गेले.

तुझे गुडघे कसे आहेत? दादांनी स्वतः निथळून गाळलेलं तेल धाडतो, चोळत जा. धाकटी इंदिरा शाळेत जाते ना?

मग हाताला काय झालं, असं तू विचारशील. मुकादमाचे दात पाडताना बोटं मोडली. लोकांनी मला ओढून बाजूला केलं, नाहीतर तिथंच संपवला असता. तो येत्या सोमवारी दवाखान्यातून परत येऊन राहिला.

तू घोर करू नको. डावा हात शाबूत आहे.

तुझा पुंडलिक