धनाजीचा डावा गुडघा

शुक्रवार, २८ मार्च २०२५

पुन्हा भांडण! माझ्या मोटर भरायच्या दुकानाचं कुलूप हातातच होतं, तेवढ्यात शेजारच्या खताच्या दुकानातून आदगोंडा पोस्टर फडकवत आला. कडेगावचं मैदान, तेरा एप्रिल. एक नंबरची कुस्ती – धनाजी विरुद्ध जिनेंद्र. दोघांचे फोटो, प्रत्येकाच्या मागं एक वाघ. मी म्हटलं, वाघ एकच आहे, दुसरीकडं उलटा छापलाय. पट्टे बघ. बघितले नाहीत त्यानं.

"तू पट्टे मोज, भाऊसो. आमचा जिनू कुस्ती मारतोय!"

जिनेंद्र त्याच्या चुलत बहिणीचा मुलगा, सांगलीच्या तालमीत असतो. तेव्हा आदगोंडा बोलणारच. मी धनाजीचा नात्यानं कुणी नाही. पण त्याची आई तानुबाई दरसाल ऊस तुटला की आटपाडीकडून मेंढरं घेऊन येते आणि खतासाठी माझ्या रानात बसवते. पोरगा माझ्या डोळ्यांसमोरच मोठा झालाय.

गेल्या वर्षी हीच कुस्ती कडेगावलाच बरोबरीत सुटली. जिनेंद्रनं एकेरी पट काढला – म्हणजे धनाजीचा एक पाय धरून उचलला – आणि दोघं गडगडत आखाड्याच्या काठावरून प्रेक्षकांत पडले. पंचांनी परत मध्ये आणून लावली. मग दिवस मावळेपर्यंत जिनेंद्र नुसता धनाजीच्या मानेवर हात टाकून उभा. शेवटी पंचांनी दोघांचे हात वर केले. लोकांनी चपला फेकल्या.

आदगोंडाचं म्हणणं – धनाजी पळाला, मुद्दाम बाहेर गेला. माझं म्हणणं – जिनेंद्रचा दम सुटला, नंतर हात लावायची हिंमत झाली नाही. वर्ष झालं. तो हलला नाही, मीही नाही.

रविवार, ३० मार्च

पाडवा. आदगोंडाकडून दरवर्षीचा शिरा आला नाही. आपल्याकडूनही पोळ्या गेल्या नाहीत. बायको, माया, म्हणाली, "कुस्ती त्या पोरांची आणि अबोला तुमचा!"

बुधवार, २ एप्रिल

रानात गेलो होतो. धनाजी आईला भेटायला आलेला. वाघरीशेजारी – मेंढरं कोंडायच्या जाळीशेजारी – चहा चालला होता. चांगला भरलाय – छाती, मान, खांदे. वजन एकशे बारा असेल. विचारलं, तो एकशे तेरा म्हणाला. एका किलोनं चुकलो.

पण पुढचं चुकलो नाही. चहाला बसताना त्यानं डावा पाय सरळ पुढं टाकला. पैलवान माणूस उकिडवा बसतो. बांध चढताना उजवा पाय आधी, डावा मागून ओढून. मेंढरू पकडायला वळला तर अख्खं अंग वळवलं, गुडघा नाही वळवला.

मी तालमीत एक दिवस गेलो नाही. मोटर भरायलाही कुणी शिकवलं नाही, जळक्या मोटरी सोडवून एकेक वेढा मोजत शिकलो. कुस्तीही तशीच, काठावर बसून. म्हणून मला दिसतं. इतरांना निकाल दिसतो, मला पाय दिसतो.

तो मेंढरांकडं गेल्यावर तानुबाईला विचारलं. आधी न्हाई म्हणाली. मग पदर तोंडाला लावला.

"गेल्या सालापास्नं हाय, भाऊ. आतली शीर तुटलीया म्हन्त्यात. त्यो म्हन्तो, एकदा ह्या कुस्तीचा निकाल लागू दे, मग तालीम बंद, मेंढरामागं येतो. आवं, कुनाला सांगू नगासा. त्या पोरानं त्योच पाय धरला तर जल्माचा लंगडा हुईल."

शपथ नाही घेतली, पण मान हलवली. मान हलवली म्हणजे झालंच.

शनिवार, ५ एप्रिल

दोन दिवस मोटरीत लक्ष नाही. एका कॉइलचे वेढे परत मोजावे लागले – मला!

जिनेंद्रचा हुकमी डाव एकेरी पट. तोही समोरच्याच्या डाव्या पायावर. म्हणजे तो नेमका तिथंच येणार. मैदानाच्या कमिटीला सांगावं तर कुस्ती मोडेल, आणि पोरगा आयुष्यभर ‘पळाला’ हेच ऐकत राहील. न सांगावं तर पाय जाईल. धनाजीला समजवावं तर त्याच्या आईनं सांगितल्याचं त्याला कळेल. कुठूनही वायर जोडली तरी फ्यूज उडतोय.

आणि मनात एक घाणेरडं आहे, ते लिहून ठेवतो. कुस्ती व्हावीच असं मला वाटतं. मला बघायची आहे.

बुधवार, ९ एप्रिल

झालं. मीच केलं.

दुपारी चहावर अबोला मोडून आदगोंडा सुरू झाला. आधी साधंच. मी म्हटलं, तुमचा जिनेंद्र दुधाच्या पातेल्यासारखा, आच लागली की उतू, खाली काही नाही. तो हसला. म्हणाला, "आनि तुमचा धनाजी? मेंढरू! काठी दिसली की वाघरीभाईर!" चहावाल्यासकट सगळे हसले. कुणीतरी मेंढरासारखं ओरडलं.

मी म्हटलं, तो पळाला नव्हता.

"पळाला गड्या! भाईर गेल्यावर लंगडायचं सोंग पन केलं. पळपुटं ते पळपुटं. आनि तुला म्हनं पाय दिसतो! काय दिसलं तुला सांग की!"

हे शेवटचं बोलला नसता तर... नाही, खोटं कशाला लिहू. धनाजीला मेंढरू म्हणाला तेव्हा मी आवरून होतो. मला दिसत नाही म्हणाला तेव्हा सुटलो.

"सोंग? त्याचा डावा गुडघा गेलाय वर्षापासून! बसताना बघ त्याला, चढताना बघ! तुम्हाला आंधळ्यांना काय दिसणार!"

आदगोंडानं कप खाली ठेवला. "खरं?" एवढंच विचारलं. तो उठून गेला.

गुरुवार, १० एप्रिल

आदगोंडाचं दुकान बंद. सांगलीला गेलाय म्हणे.

शनिवार, १२ एप्रिल

रानात गेलो. ठरवून गेलो होतो की तानुबाईला सांगायचं. तिनं बसायला घोंगडं टाकलं. म्हणाली, "भाऊ, तुमाला म्हाईत हाय त्येचाच आधार वाटतोय बगा." चहा प्यालो. मेंढरांबद्दल बोललो. खत चांगलं पडलंय म्हटलं. परत आलो.

आदगोंडानं सांगितलं असेल? भाच्याला सांगणार नाही तर कुणाला? मी त्याच्या जागी असतो तर सांगितलं असतं. हेच वाईट आहे.

रविवार, १३ एप्रिल

मैदान खचाखच. हलगी सुरू झाली. आदगोंडा समोरच्या काठावर, आज पहिल्यांदाच आम्ही दोन बाजूंना. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

हातसलामी झाली. दोघांनी एकमेकांच्या हातात माती दिली, नजर दिली नाही. खडाखडी, उभ्या उभ्या एकमेकांचा अंदाज. जिनेंद्र वाकला, हात धनाजीच्या डाव्या गुडघ्याकडं गेला – मी डोळे मिटले. उघडले तेव्हा हात परत मानेवर होता.

परत वाकला. परत हात गेला, परत मागं आला. मला वाटलं हूल देतोय. शेजारचा ओरडत होता, "पट काढ की! उघडा पडलाय त्यो!" खरंच उघडा पडला होता. धनाजीचा डावा पाय पुढं, तळवा नीट टेकतसुद्धा नव्हता. मला इतक्या लांबून दिसत होतं. त्याला हातभर अंतरावरून दिसत नसेल?

मग जिनेंद्र उजव्या पायावर गेला, त्याच्या सवयीच्या उलट्या बाजूनं. फसला. धनाजीनं वरून कब्जा घेतला, लंगोट धरला आणि घिस्सा लावला, म्हणजे ओढत फिरवला. जिनेंद्र पालथ्याचा उताणा झाला. दोन्ही खांदे मातीत! चीत!

फड फुटला. फेटे उडाले. धनाजीला खांद्यावर घेतला. मी ओरडलो, घसा बसला माझा. आणि ओरडता ओरडता वाटत होतं, हे बरोबर नाही. काहीतरी बरोबर नाही. पैलवान आपला हुकमी डाव असा विसरतो?

सोमवार, १४ एप्रिल

मोबाईलवर कुस्ती परत बघितली. परत परत. माझी नजर चुकली नव्हती, हात दोन्ही वेळा मागं गेलाय. का? कुस्ती विकली म्हणावं तर हरल्यावर जिनेंद्र मातीत पालथा पडून रडत होता. ते रडणं विकाऊ नव्हतं.

की आदगोंडानं सांगितलंच नाही? मग हात मागं का? आणि सांगितलं असेल तर मग तर धरायलाच हवा होता. काहीच जुळत नाही.

धनाजी पेढे घेऊन आला. पाया पडायला वाकला तर गुडघा वाकेना, मीच त्याला धरला. उद्या तानुबाईबरोबर मेंढरं हाकत निघणार. चेहऱ्यावर असं काही होतं की मी शंका गिळली. "काका, निकाल लागला न्हवं?" म्हणाला. मी म्हटलं, लागला रे. स्वच्छ लागला.

बुधवार, १६ एप्रिल

आदगोंडा आला. दारातच उभा राहिला.

"सांगितलं व्हतं मी जिनूला. त्यो म्हनाला – मामा, मला ठावं हाय. गेल्या साली काठावर पडलो तवा माज्याच हातात मोडला त्येचा गुडगा. आवाज ऐकलाय मी. म्हनूनच फुडं त्या पायाला हात न्हाई लावला."

मग तो त्याच्या दुकानात गेला, मी माझ्या. वर्षभर मी त्या पोराला दम सुटलेला म्हणत होतो.

पाय दिसतो मला. हात दिसला नाही.

उद्या चहावर कुणाच्या बाजूनं भांडायचं?