अक्काची कॉफी

तिरुवल्लिकेणी, मद्रास
२ जानेवारी १९६२

चि. राघोत्तमास अनेक उत्तम आशीर्वाद.

साप्ताहिकातला तुझा 'माइकसमोरची अठरा वर्षे' हा लेख वाचला. फोटो छान आहे. चष्म्याने तू आप्पांसारखा म्हातारा दिसतोस, म्हणून तो काढलास आणि फोटोवाल्याऐवजी शेजारच्या खांबाकडे बघून हसलास. हे मला कळलं, वाचकांना नाही कळायचं.

लेखात मी एका ओळीपुरती आहे. 'आमची अक्का प्रेमाने फ्लास्कमधून कॉफी आणत असे.' आणत होतेच. पण सीमारेषेवर चेंडू कुणी अडवला, हे तुला कोण सांगत होतं? कागद वाजला तर माइकमध्ये ऐकू जातं, म्हणून टेबलाखाली तुझ्या डाव्या तळव्यावर बोटाने नावाचं पहिलं अक्षर कोण लिहीत होतं? आदल्या दिवशी सरावाला जाऊन, पोरांच्या चालण्या-पळण्यावरून ती ओळखायला मी शिकत असे. शाळेतल्या माझ्या सगळ्या रजा तुझ्या सामन्यांत गेल्या.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये दुसऱ्या मुलीच्या निबंधावर आपलं नाव घालणारीला सिस्टर दिवसभर व्हरांड्यात उभी करत. तुला उभं करायला माझ्याकडे व्हरांडा नाही, म्हणून नीट मागते. पुढच्या अंकात एक वाक्य लिही, की डोळे अक्काचे होते.

कनकाला आशीर्वाद. अड्यारहून इकडे येणारी बस बंद झालेली नाही, हेही तुला ठाऊक असावं. लोभ आज आहे; उद्याचं तुझ्या पुढच्या अंकावर.

अंबुजा

अड्यार
६ जानेवारी १९६२

तीर्थस्वरूप अंबुजाक्कास कृ. सा. न. वि. वि.

पत्र वाचून कनका इतकी हसली, की तिचं सांबार उतू गेलं. निवृत्त झालीस तरी तुझी छडी काही सुटली नाही!

पण अक्का, विचार कर. समालोचकाला दहा पावलांपलीकडचं दिसत नाही, असं छापून आलं तर मला माइकजवळ कोण उभं करील? शिवाय नुसतं नाव कळण्यात काय आहे? त्याच्यात जीव मी ओततो. घरच्या माणसाचं नाव झालं, यातच बायकांनी समाधान मानावं, असं आप्पा म्हणत, ते काही खोटं नाही.

येत्या शनिवारी म्हैसूरविरुद्धचा सामना आहे. परदेश दौऱ्यासाठी एक समालोचक निवडायचा आहे आणि दिल्लीचे साहेब खास माझं ऐकायला येत आहेत. एवढं जमलं, की जन्माचं सार्थक. नेहमीच्या खुर्चीवर वेळेत ये. आणि कॉफी जरा कडक आण.

आपल्या मायेचा हक्कदार,
राघोत्तम

तिरुवल्लिकेणी
९ जानेवारी १९६२

चि. राघोत्तमास अ. उ. आ.

पत्र पोचलं. आप्पांचं नाव काढलंस, आता मी काय बोलणार! शनिवारी येते. कॉफी कडक आणते. तू छापलं आहेस, अगदी तसंच सगळं होईल.

कळावे, आणि लक्षात ठेवावे.

अंबुजा

अड्यार
१५ जानेवारी १९६२

अंबुजाक्का,

नमस्कार लिहायला हात उचलत नाही. तळव्यावर अजून फोड आहे.

तळवा उताणा ठेवून मी वाट बघत राहिलो आणि तू समोर बघत बसलीस! म्हैसूरचा पहिला गडी झेलबाद झाला तेव्हा झेल घेणारा म्हणून अंदाजाने मी चंद्रमौळीचं नाव घेतलं. वाघासारखी झेप घेतली म्हणालो. आणि तो बोट दुखावलं म्हणून पॅव्हेलियनमध्ये ट्रान्झिस्टर कानाला लावून बसलेला! त्याने उठून लोकांना वाकून नमस्कार केला म्हणे. साहेब चहाआधीच निघून गेले. दौऱ्यावर सत्यनारायण जातो आहे, काल आलेलं पोर.

सख्ख्या भावाची अठरा वर्षं एका दिवसात बुडवलीस. पोंगल आमच्या घरी झालाच नाही. उत्तराची अपेक्षा नाही.

राघोत्तम

तिरुवल्लिकेणी
१७ जानेवारी १९६२

चि. राघोत्तमास आशीर्वाद. अनेकही नाहीत, उत्तमही नाहीत.

इथे पोंगल झाला. गूळ मुद्दाम जास्त घातला होता.

अठरा वर्षं तुझी नव्हती राघू, ती आपली होती. तुझ्या वाट्याची तुला परत मिळाली. ती कशी दिसतात, ते सगळ्यांना कळलं. माझ्या वाट्याची मी घरी घेऊन आले. सत्यनारायण भेटायला आला होता. दौऱ्यावर निघेपर्यंतच्या सामन्यांना शेजारी बसाल का, म्हणाला. सुरुवातीला माझं नाव सांगणार आहे. चष्मा लावतो, तरी दिसायला बरा आहे.

तुझा उताणा तळवा मला दिसत होता. माझे डोळे चांगले आहेत. म्हणून तर चंद्रमौळीनंतर त्यात पितळी टंबलर ठेवला, तू मागितली होतीस तशी कडक कॉफी भरून. फ्लास्क नवा होता, एवढी गरम राहील असं मलाही वाटलं नव्हतं. तेव्हा तू माइकसमोर 'अंबुजाक्का!' म्हणून ओरडलास, ते समोर राहणाऱ्या कामाक्षीने आपल्या माडीवर ऐकलं, नाक्यावरच्या हॉटेलात ऐकलं, साहेबांनी तर ऐकलंच.

रेडिओवर माझं नाव घेतलंस, आभारी आहे. फोडाला तूप लाव.

तुझी, कॉफी आणणारी,
अंबुजा