पॅसेंजरचा वाढीव डबा

सिंदी, सोमवार, १९५७

शिसारी आली आहे. जेवणही गेलं नाही.

नागपूर पॅसेंजरला आजपासून एक डबा वाढला. ती मागणी घेऊन स्टेशन मास्तरकडे गेलो होतो आम्ही दोघंच, मी आणि कापड दुकानातले मुनीम बापूराव. वर्षभर एकाच बाकावर खेटून गेलो. कधी कधी माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपायचे ते.

आज नवा डबा अर्धा रिकामा, लोकांना अजून ठाऊकच नव्हता. मी शेजारी बसणार, तोच त्यांनी बाकावर पिशवी ठेवली. पिशवी!

"आता जागा झाली नं, तिकडं बस. तुले शिवलं का मले आंग धुवा लागते."

"अन् कालपर्यंत काऊन नाई लागलं?"

"गर्दीत इलाज नव्हता बावा."

म्हणजे वर्षभर हा माणूस मला सोसत होता? गेल्या साली नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा वाटलं, ते सगळं मागे पडलं. कुठलं काय!

मी पिशवी उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि तिथंच बसलो. बुटीबोरीला बापूराव उतरले आणि मागच्या खच्चून भरलेल्या डब्यात चढले. तिथं कोण कोणाला खेटून उभं आहे, हे कोणी विचारत नाही.