बोटीचं तोंड घराकडे

प्रिय ग्वेनताई,

धाकट्या डेसचा मनापासून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, ते आधी कळव. तुझ्या हेदरला आणि तिच्या पोरांना आशीर्वाद. (थोरल्याने केस हिरवे केल्याचं फोटोत दिसलं. त्याला काही बोलू नकोस, रंग उतरतो.) इथे थंडी अजून हटलेली नाही. नोएलच्या बेकरीत शिंपल्यांचं पॅटिस मिळतं, पण हल्ली त्यात शिंपला शोधावा लागतो. माझी तब्येत बरी आहे, फक्त डाव्या हाताचा अंगठा सुजलाय, आणि तो कशाने सुजला हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल. म्हणून पत्र. फोनवर तू "डेस, मुद्द्यावर ये" म्हणतेस आणि माझा मुद्दा तिथेच बसकण मारतो.

आपल्या गावातली पोरं सुट्टीत स्केटिंगच्या उतारावर पडून असतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवतात, हे तुला माहीतच आहे. त्यांच्या हाताला काम म्हणून कौन्सिलने होबार्टहून इमोजेन नावाची एक कलाकार बाई पाठवली. दर मंगळवारी ती यायची आणि फुटबॉल क्लबच्या हॉलमध्ये पोरांकडून मोझेक करून घ्यायची. म्हणजे गावातल्या फुटक्या बशा, कप, फरश्या जमवायच्या, गोणपाटाखाली घालून हातोडीने फोडायच्या आणि त्या तुकड्यांचं एक मोठं चित्र धक्क्यावरच्या भिंतीवर लावायचं. चित्र कसलं, ते पोरांनी ठरवायचं होतं. मला वाटलं, डॉल्फिन काढतील. पण रेची नात टेगन उभी राहिली (रे म्हणजे भावोजींच्या बोटीवरचा आपला रे, ती त्याच्या लेकाची मुलगी) आणि म्हणाली, "लोर्ना मे काढायची. घरी येताना."

ताई, भावोजींची लोर्ना मे! बोट गेली तेव्हा ही पोरगी पाळण्यात होती. क्लिफ भावोजी आणि रे त्या हिवाळ्यात खाडीच्या मुखाबाहेर पडले, ते गेलेच. ना बोटीची फळी मिळाली, ना पुरायला काही. आणि तू किती दिवस पलीकडच्या काठावर, तुमच्या बोटीच्या शेडच्या दाराशी, कंदील घेऊन बसायचीस ते मी या काठावरून रोज पाहत होतो. नंतर तू शेडला कुलूप घातलंस आणि ॲडलेडला गेलीस. तेव्हापासून या गावात त्या बोटीचं नाव कोणी मोठ्याने घेत नव्हतं. ते या पोरीने घेतलं.

मग काय, गाव पेटलं. समुद्रासाठी निळ्या बशा हव्या होत्या. बेव्हने लग्नातला अख्खा सेट आणून दिला आणि वर म्हणाली, "नवऱ्याने दिलेली एवढी एकच गोष्ट टिकली होती, ती पण फोडा." कौन्सिलचा नियम असा, की सुरक्षेचा चष्मा लावल्याशिवाय पोरांनी हातोडी उचलायची नाही आणि देखरेखीला एक जबाबदार प्रौढ माणूस हवा. जबाबदार म्हणून माझी निवड झाली. (हसू नकोस. दुसरा कोणी रिकामा नव्हता.) चष्मा मीही लावायचो. डोळे शाबूत राहिले, अंगठ्याला मात्र चष्मा नसतो.

आता माझ्याकडून काय झालं ते ऐक. मंगळवारी इमोजेनने पोरांना काम समजावलं, तेव्हा मी आत चहा करत होतो. हॉलमध्ये आलो तर कागदावर आराखडा तयार. शनिवारी बाई नसताना पोरं माझ्या देखरेखीखाली काम करायची, तेव्हा मी तो धक्क्यावर नेला आणि भिंतीला लावून पाहिला. पाहतो तो लोर्ना मेचं नाक खाडीच्या मुखाकडे, समुद्राकडे! आपल्याकडे भिंतीवर बोटीची साधी तसबीर लावतानासुद्धा तिचं तोंड घराच्या आत हवं, हे तुला सांगायला नको. आईने एकदा तेवढ्यासाठी पाहुण्याने दिलेली तसबीर संडासात लावली होती. मी म्हटलं, होबार्टची बाई, तिला बिचारीला काय ठाऊक. कागद उलटा केला, पाठीवरून रेघा गडद केल्या आणि पोरांना सांगितलं, असं करा. टेगनने विचारलं, "डेस आजोबा, बाईंना विचारलंत?" मी म्हणालो, "तुझ्या बाईंनी जेवढ्या बोटी पाहिल्या, तेवढ्या माझ्या हातून बुडाल्यात." (हे खोटं आहे. एकच बुडाली, आणि तीही होडी.)

मला काय माहीत की तुकडे उलटे चिकटवतात! नक्षी कागदाकडे, पाठ वर, खळ लावून. मग त्या पाठींवर सिमेंटचे पत्रे बसवायचे, सगळं पालथं करायचं, कागद भिजवून सोलायचा, आणि तेव्हा कुठे चित्र दिसतं, आरशात दिसावं तसं. बाईने मुद्दामच उलटं काढलं होतं, पालथं केल्यावर सुलट यावं म्हणून. बदललेला आराखडा पुढच्या मंगळवारी तिलाही कळला नाही, कारण तोवर त्यावर अर्धा समुद्र चिकटला होता. बायका आपापल्या बशा ओळखायला यायच्या आणि कारखान्याचे शिक्के बघून परत जायच्या.

कागद सोलला त्या दिवशी पोरं नाचली. हॉलमध्ये समुद्र कुठल्या बाजूला ते कोणाला कळतं? बोट सुंदर दिसत होती, ताई. तिच्या लाल पट्ट्यात नोएलच्या बेकरीच्या जुन्या फरश्या आहेत. मग पत्रे उचलून धक्क्यावर नेले, भिंतीला टेकवले, सगळा गाव जमला होता. आणि कोणीच टाळी वाजवली नाही. नोएलने टोपी काढली आणि हळूच म्हणाला, "अरे, हे तर निघालेत."

निघाले होते. पुन्हा. माझ्या अकलेने त्यांना मी दुसऱ्यांदा बाहेर पाठवलं होतं. सगळे इमोजेनकडे वळले. मी सगळ्यांसमोर सांगितलं की हा उद्योग माझा, बाईचा नाही. कौन्सिलचा माणूस म्हणाला, चित्राला 'प्रस्थान' असं नाव देऊ. बेव्हने त्याच्याकडे असं पाहिलं की तो गाडीत जाऊन बसला. म्हातारे म्हणाले, फोडून टाका, असलं डोळ्यासमोर नको. कोणीतरी हातोडी आणलीसुद्धा. तेव्हा टेगन पत्र्यांसमोर फतकल मारून बसली. "आजोबा एकदा गेले तेवढे बास. आता त्यांना कोणी हात लावायचा नाही." रडत नव्हती. रडत मी होतो.

ती भिंतीकडे पाठ आणि पाण्याकडे तोंड करून बसली होती, म्हणून तिलाच आधी दिसलं. पलीकडच्या काठाकडे बोट दाखवून म्हणाली, "त्या शेडच्या भिंतीवर लावलं तर? इथे भिंतीसमोर उभं राहिलं की समुद्र डाव्या हाताला येतो, तिकडे उजव्या. मग बोट आतच येईल ना?" आम्ही सगळ्यांनी पलीकडे पाहिलं. बरोबर होतं. त्या भिंतीवर तीच बोट मुखातून आत शिरताना दिसेल, थेट शेडच्या दाराकडे. पण ती शेड कोणाची, हे माहीत असल्यामुळे सगळे माझ्याकडे बघायला लागले. शेवटी मीच म्हणालो, "माझ्या बहिणीची आहे. तिला विचारायला हवं."

बाकी सर्व ठीक. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझा,
डेस

ता. क. तर विचारतो. शेडच्या पाण्याकडच्या भिंतीवर पोरांनी ते चित्र लावलं तर तुझी हरकत आहे का? तू नाही म्हणालीस तर कोणी वाईट वाटून घेणार नाही, हे मी सगळ्यांना बजावून ठेवलंय.

ता. क. २. चित्र लावून झालंय. पाऊस येणार होता, हॉल फुटबॉलवाल्यांना परत हवा होता, आणि मला तुझ्या उत्तराची भीती वाटत होती. कुलपाला हात लावलेला नाही, सगळं बाहेरून केलं. काल संध्याकाळी बोटी परतल्या तेव्हा नोएलच्या धाकट्याने चित्राजवळून जाताना भोंगा वाजवला. त्याच्यामागून सगळ्यांनी वाजवला.

ता. क. ३. केबिनची खिडकी आम्ही भावोजींसाठी रिकामी ठेवली आहे. रे डेकवर दोरखंड घेऊन उभा आहे, तो टेगनने त्याच्याच चहाच्या बशीचा केलाय. भावोजींचा हिरवा मग, कान तुटलेला, तू सोबत नेलास ते मला माहीत आहे. तो पोस्टाने पाठवू नकोस आणि तिथे फोडूही नकोस. मगही आण आणि चावीही आण. टेगन तुझ्यासाठी चष्मा धुऊन ठेवतेय. हातोडी तू मार, अंगठ्याला जप. आणि येशील तेव्हा आधी या काठावर थांब, म्हणजे तू शेडशी पोचायच्या आत तुला ते येताना दिसतील.