अक्काच्या कागदावरचं शून्य

निलंगा,
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

प्रिय वर्षाराणी,

मंगळवार, १४ ऑक्टोबर, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. हाडांचा वॉर्ड, सात नंबरची खाट. लक्ष्मम्मा, वय एकाहत्तर, आदल्या दिवशी खुब्याचं ऑपरेशन झालेलं. तिच्या कागदावर दुखण्याच्या रकान्यात तू शून्य लिहिलंस आणि खाली सही केलीस. अक्षर सुरेख आहे. नांदेडच्या नर्सिंग स्कूलमध्ये ते मीच तुझ्याकडून घोटवून घेतलं होतं, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही.

लक्ष्मम्मा माझी थोरली बहीण, हे तुला ठाऊक होतं. तू तिला विचारलं नाहीस. डोळे मिटलेले, कपाळावर विभूती, डाव्या तळहातावर इष्टलिंग, ओठ हलतायत, एवढं पाहिलंस आणि बाई पूजेत आहे, म्हणजे बरी आहे, असं ठरवून पुढच्या खाटेकडे गेलीस. गरज वाटल्यास द्यायचं इंजेक्शन तसंच राहिलं. आठला ड्युटी बदलली. नव्या मुलीने तुझं शून्य पाहून आपलं शून्य लिहिलं. दहाच्या राउंडला डॉक्टरांनी ओळीने शून्यं पाहिली, इंजेक्शन बंद केलं आणि साध्या गोळीवर आणलं. एकदा लिहिलेल्या आकड्याला पाय फुटतात. दुपारी पावणेदोनला फिजिओथेरपीवाल्याने तिला उठवून बसवायला हात घातला, तेव्हा अक्काची शुद्ध हरपली. तोवर ती साडेसात तास गप्प होती.

तुला शिकवलेलं आता पुन्हा सांगायचा कंटाळा येतो. निपचित पडलेल्या माणसाला काय दुखतंय हे नुसतं बघून कळत नाही. त्याला कूस बदलायला सांगायचं, खोकायला सांगायचं आणि मग विचारायचं. पायाची बोटं आवळलेली आहेत का, चादर मुठीत आहे का, ते बघायचं. नातेवाइकाला नाही, पेशंटला विचारायचं. मी लहानपणी शिकले त्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर रोज सकाळी प्रत्येकीची नखं हातात घेऊन बघायच्या, लांबून नाही. तेवढीच माझी सगळी विद्या. पस्तीस वर्षं तीच शिकवली आणि निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ घेऊन घरी आले.

अक्काला नंतर मी विचारलं, बोलली का नाहीस? ती म्हणाली, "दुखत हुतं की, लई दुखत हुतं. लिंग हातात घेऊन वरडायचं व्हय गं? शिवाला सांगून राहिले हुते." घरी तिची पूजा वीस मिनिटांत आटोपते. त्या दिवशी सहापासून दुपारपर्यंत तिने लिंग खाली ठेवलं नाही. ते ठेवलं असतं तर तिला ओरडावं लागलं असतं.

आता नवं संकट. आत बसवलेला रॉड सरकलाय, पुन्हा उघडावं लागणार. सोमवार, १० नोव्हेंबर ही तारीख मिळाली आहे. घरी आणलेली अक्का नाही म्हणते. तिचा मुलगा बसवराज पाया पडला, सून रडली. "त्या पोरीच्या वॉर्डात मी न्हाई जायची, हितंच पडून राहीन," एवढंच तिचं उत्तर. पडून राहिली तर पाठीला जखमा होतील, छातीत कफ साठेल. पुढचं तुला सांगायला नको. बसवराजने तुझ्याविरुद्ध अर्ज लिहून ठेवलाय. तो माझ्याकडे आहे आणि मी तो पुढे जाऊ दिलेला नाही. का, ते सांगते.

त्या सकाळी मी तिथेच होते. पावणेसातला आले, तिच्या उशाशी स्टुलावर बसले आणि पेपर वाचत राहिले. ड्युटी संपायच्या आधी, साडेसातच्या सुमारास, तू पुन्हा खाटेपाशी आलीस. कागद उघडलास, वाकलीस, आता तू तिला हाक मारणार होतीस. मी ओठांवर बोट ठेवलं. पूजा चाललीय, असं खुणावलं. तू अजूनही मला घाबरतेस, म्हणून मागे फिरलीस. सहा-दहाचं शून्य तुझं, साडेसातचं माझं. हे मी अक्काला अजून सांगितलेलं नाही. वीस दिवस तिचा चांगला पाय चेपते आणि तुझ्या नावाने ती जे बोलते ते ऐकून घेते. आता ऐकवत नाही. तू मला लिहून दे की तिच्या हातात लिंग असलं तरी तू तिला हाक मारशील, कूस बदलवून विचारशील, आणि मी आडवी आले तर मलाही वॉर्डाबाहेर काढशील. ते पत्र मी तिला वाचून दाखवीन आणि त्याच बैठकीत माझं बोटही सांगेन. दोन्ही ऐकून ती काय ठरवेल, मला माहीत नाही. मोबाईलवर हात जोडल्याची चित्रं पाठवू नकोस. कागदावर, शाईने, सहीनिशी उत्तर हवं. ते शनिवार, ८ नोव्हेंबरला दुपारी चारच्या आत बसवराजच्या दुकानात पोचलं पाहिजे.

तुझीच,
मंजुश्रीबाई